रॉकेलचा हिरवा

मी हुशार होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्या हुशारीनंच झालं. बावळट माणसाच्या हातून एवढं नुकसान होत नाही. त्याला कुणी यंत्र करायला सांगतच नाही.

पूर्णा जंक्शनच्या बत्तीघरात मी नोकरीला लागलो तेव्हा हैदराबादचं संस्थान जाऊन चार-सहा वर्षं झाली होती. बत्तीघर म्हणजे रुळांच्या कडेला उभं असलेलं पत्र्याचं लांबट खोपट. सगळ्या सिग्नलांचे दिवे तिथं यायचे, पुसले जायचे, वाती कातरून आणि रॉकेल भरून परत जायचे. आत शिरलं की डोळ्यांआधी नाकाला कळायचं. माझं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं, इंटर सायन्सपर्यंत. प्रकाश फोडला की जो रंगांचा पट्टा दिसतो त्याला आमच्या पुस्तकात ‘तैफ’ म्हणत. पूर्णेला आमचे साहेब ‘स्पेक्ट्रम’ म्हणायचे. ‘वर्णपट’ हा शब्द मला फार पुढं भेटला. शब्द कुठलाही असो, त्या पट्ट्यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता, आणि तो मी कुणापासून लपवून ठेवत नव्हतो.

बत्तीघरात खरं राज्य होतं मामांचं. सगळं स्टेशन त्यांना मामाच म्हणायचं. वालूरकडच्या धनगराच्या घरातले, तरुणपणी मेंढरं भावाच्या हवाली करून रेल्वेत आलेले. काळे, उंच, बोटं वातीच्या काजळीनं कायमची रंगलेली. नोकरीची तीन-चार वर्षं उरली होती. त्यांचं मुख्य काम दिवे पुसायचं नव्हतंच. ते काचा निवडायचे.

सिग्नलच्या हातावर दोन काचा असतात, लाल आणि हिरवी. मागं रॉकेलचा दिवा. हात वर-खाली झाला की दिव्यापुढं एक काच येते आणि ड्रायव्हरला लांबून तो रंग दिसतो. एवढ्याशा रंगावर अख्खी गाडी थांबते किंवा सुटते. म्हणून नवी काच बसवायच्या आधी ती रंगाला बरोबर आहे का हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते मामा ठरवायचे.

त्यांची पद्धत पाहून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. खोपटाच्या एका कोपऱ्याला आतून काजळ फासलेलं. तिथं एक दिवा, त्याची वात दोन्ही कोपऱ्यांना जरा गोल कातरलेली. मामा डोक्यावरून काळं घोंगडं घेऊन तिथं बसायचे आणि आधी बराच वेळ डोळे मिटून घ्यायचे. मी विचारलं, झोप काढताय का, मामा?

“न्हाई बाबू, डोळे धुवायलोय,” ते म्हणाले. “भाईरचं ऊन डोळ्यात ऱ्हातंय. ते जाऊ द्यायचं आंदी.”

मग ते फडक्यात गुंडाळलेली एक जुनी हिरवी काच काढायचे. ती त्यांच्या उस्तादानं दिलेली, आणि उस्तादाला कुठल्या तरी गोऱ्या इंजिनियरनं दिलेली. तिला ते सासू म्हणायचे. दिव्यापुढं एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नवी काच, म्हणजे सून. “सासूपुढं हुबी करायची. सासू काय बोलत न्हाई, पर सुनेचं सगळं कळतंय.” एवढं म्हणून ते दोन्ही काचांकडं पाहायचे आणि नवी काच तीनपैकी एका ढिगात ठेवायचे. चालंल, परत बघू, फेकून द्या. एका काचेला जेमतेम चार श्वास लागायचे.

तेवढ्यानं भागलंही असतं. पण संस्थानाबरोबर संस्थानची रेल्वेही मोठ्या रेल्वेत विलीन झाली, आणि तीन ठिकाणच्या कोठारातल्या काचा आमच्या बत्तीघरात येऊन पडल्या. लाकडी खोकी, आत कडब्याचा भुसा, वर उर्दू, इंग्रजी आणि पावसानं पुसून गेलेल्या अक्षरांच्या चिठ्ठ्या. वरून हुकूम आला की सगळ्या लाइनीवर आता एकच हिरवा आणि एकच लाल पाहिजे. सोबत मापांचं एक जाडजूड पुस्तक. आणि कुठल्या तरी प्रयोगशाळेतून काढून टाकलेला, लोलक असलेला एक स्पेक्ट्रोमीटर, जो पाहून माझा जीव हरखला.

साहेबांनी काम मला दिलं. मी दुर्बिणीसारख्या नळीला डोळा लावायचो, स्क्रू एक घर फिरवायचो, पट्ट्यातला एक रंग समोर यायचा. तो किती उजळ आहे ते शेजारच्या लहान दिव्याशी ताडून पाहायचो. तो दिवा पट्टीवर मागंपुढं सरकवायचा, दोन्ही उजेड सारखे झाले की आकडा लिहायचा. परत स्क्रू, परत डोळा. एका काचेला अख्खी सकाळ जायची. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि तेवढ्यात मामांनी एक खोकं रिकामं केलेलं असायचं.

ते मला सहन होईना. हे खरं कारण. पुढं मी रिपोर्टात ‘मानवी डोळ्याची मर्यादा’ वगैरे लिहिलं, पण खरं कारण हे की निरक्षर माणूस माझ्यापेक्षा झपाट्यानं काम करत होता आणि वर मला चहा देत होता.

म्हणून मी डोळाच काढून टाकायचं ठरवलं.

मानवतला आमच्या घराजवळ एका कापसाच्या अडत्याकडं मोडका ग्रामोफोन पडला होता. भोंगा गेलेला, पण चावीची स्प्रिंग शाबूत. तो मी मागून आणला. त्याची फिरती तबकडी दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवरून स्पेक्ट्रोमीटरच्या स्क्रूला जोडली. चावी भरली की स्क्रू आपोआप, हळूहळू फिरायचा आणि पट्ट्यातले रंग एकामागून एक सरकायचे. डोळ्याच्या जागी कॅमेऱ्याच्या मीटरमधली सेलेनियमची चकती बसवली. तिच्यावर उजेड पडला की बारीकशी वीज निघते. त्या विजेनं गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे वीजमापकाचा, एवढासा आरसा हलायचा, आरशावरचा कवडसा दुधाच्या पावडरीच्या डब्यावर पडायचा, आणि डब्याला गुंडाळलेला फोटोचा कागद त्याच स्प्रिंगवर फिरायचा. एक चावी संपली की एक काच मोजून झाली. कागद धुतला की त्यावर एक काळी रेघ उमटायची, मधे डोंगर असलेली. डोंगराचा माथा पुस्तकातल्या दोन खुणांच्या आत आला तर काच पास. बाहेर गेला तर नापास.

या यंत्राचं मला आजही कौतुक वाटतं. मी हे लाज न बाळगता लिहितो. पूर्णेच्या पत्र्याच्या खोपटात, मोडक्या ग्रामोफोनावर, प्रकाश स्वतःची मापं स्वतः लिहीत होता. पहिली रेघ उमटली तेव्हा मी ओला कागद हातात घेऊन प्लॅटफॉर्मवर धावत गेलो होतो. फक्त एक अडचण होती. रॉकेलच्या दिव्याचा उजेड चकतीला पुरत नव्हता. आरसा जागचा हलायचा नाही, आणि हलला तर ज्योतीबरोबर थरथरायचा. डोंगराऐवजी कागदावर गवत उगवायचं. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग रॉकेलचा दिवा काढून त्या जागी मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब लावला. वीज तारखात्याच्या जुन्या बॅटऱ्यांची. रेघ अशी आली, जशी टाकानं काढलेली.

यंत्र दाखवायचा दिवस ठरला. साहेब आले, स्टेशनमास्तर आले, तारबाबू आले. मामांनी पास केलेल्या ढिगातून मी एक हिरवी काच उचलली आणि चावी भरली. माथा खुणेच्या बाहेर, निळ्याकडं. दुसरी काच, तेच. तिसरी, चौथी, तेच. उलट मामांच्या फेकून द्यायच्या ढिगातल्या काही काचा मात्र झकास पास व्हायला लागल्या. तारबाबू हसायला लागले. साहेब मामांकडं पाहायला लागले.

मामा पुढं आले. यंत्राकडं वाकून त्यांनी विचारलं, “बाबू, ह्याच्यात दिवा कोनता घातलाव?”

“विजेचा आहे, मामा.”

“मंग हे कसं व्हईल? सिंगलवर तर राकेल जळायलंय.”

“दिवा कुठलाही असू द्या,” मी म्हणालो. सगळ्यांच्या समोर, शिकवणीच्या सुरात. “काच तर तीच आहे ना?”

मामा परत यंत्राकडं वाकले. “दिवा बदलला तर काच ती ऱ्हात न्हाई,” असं काहीतरी पुटपुटले. मग फडकं सोडून त्यांनी सासू माझ्या हातात दिली. “हिला लावून बगा. ही खोटी निगाली तर मी बोलनार न्हाई.”

मी सासू लावली. चावी भरली. कागद धुतला. माथा निळ्याकडं, इतरांसारखाच, चांगला बोटभर बाहेर.

“मामा,” मी म्हणालो, “तुमची सासूच नापास!”

खोपट हसून हसून लोळलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि खिशातलं स्वतःचं फाउंटन पेन काढून मला दिलं, हिरव्या टोपणाचं, सोनेरी क्लिपेचं. मी आयुष्यात पुष्कळ विनोद केले, पण त्या एका विनोदासाठी मी स्वतःला कधी माफ केलं नाही. मामा मात्र रागावले नाहीत. ते सासूकडं असे पाहत होते, जणू तिनं इतकी वर्षं त्यांच्याशी खोटं बोलून संसार केला होता.

रिपोर्ट मी लिहायचा होता. पक्की प्रत करताना पान क्रमांक हवा म्हणून पुस्तक उघडलं, आणि हिरव्या काचेच्या मापांच्या खाली, बारीक अक्षरांतली एक टीप दिसली. ती मी आधी वाचली नव्हती. खालची बारीक अक्षरं हुशार माणसं वाचत नाहीत. टिपेत सरळ लिहिलं होतं की ही मापं रॉकेलच्या, ठरावीक आकाराच्या वातीच्या ज्योतीसाठी आहेत. दुसऱ्या कुठल्याही दिव्याला ती लागू नाहीत.

मी काय केलं होतं ते तिथल्या तिथं कळलं. रॉकेलची ज्योत पिवळी असते. निळ्याचा अंश तिच्यात अगदी थोडा. तिच्यापुढं मुद्दाम निळसर झाक असलेली काच धरावी लागते, तेव्हा कुठं लांबून रंग हिरवा दिसतो. उन्हात पाहिली तर ती काच निळी वाटेल. बल्बपुढं धरली तरी निळ्याकडंच झुकेल. आणि बल्बपुढं जी स्वच्छ हिरवी दिसते ती काच रॉकेलपुढं पिवळी पडेल. मी काचा मोजत बसलो होतो आणि दिवा मोजलाच नव्हता. ज्या खोपटात रॉकेलशिवाय दुसरा वास येत नव्हता तिथं बसून!

दुसऱ्या दिवशी सकाळी, मामा दिवे घेऊन लाइनीवर गेल्यावर, मी यंत्र बाजूला सारलं. त्यांच्या कोपऱ्यातला दिवा आणला, गोल कातरलेल्या वातीचा. जुन्या पद्धतीनं नळीला डोळा लावला आणि सासू मोजली. दुपारपर्यंत मोजली. माथा दोन खुणांच्या बरोबर मध्यावर आला. माणसानं आखून दिल्यासारखा.

रिपोर्ट अजून माझ्याच टेबलावर होता. हे नीट लक्षात घ्या. तो गेलेला नव्हता. मी साहेबांच्या दारात गेलो. ते म्हणाले, “ये, ये. तुझं नाव वर कळवलंय. यंत्र पाहायला मोठे लोक येणार आहेत. कायम झालास समज.” मी म्हणालो, “थँक्यू सर.” मग त्यांनी रिपोर्टात घालायला एक वाक्य सांगितलं, की सध्याच्या तपासणाऱ्याची नजर वयोमानानं भरवशाची राहिलेली नाही, असं यांत्रिक मापनावरून सिद्ध होतं. मी ते लिहून घेतलं. अक्षर माझं वळणदार होतं. खाली सही केली, त्याच हिरव्या टोपणाच्या पेनानं.

कुणी माझा हात धरला नव्हता. घरी म्हातारे आईवडील होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, असली कारणं मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवली. ती खरीही होती. पण त्या दारात उभं असताना मला त्यांतलं एकही आठवलं नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं होतं की आता मी चुकलो म्हटलं तर तारबाबू माझ्यावर हसतील.

मामांपुढं दोन वाटा ठेवल्या गेल्या. सिकंदराबादला जाऊन डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायचे, नाहीतर आपणहून नोकरी सोडायची. मी मनातल्या मनात म्हणत होतो, जा, मामा, जा. डॉक्टरनं पाहिलं तर सगळं बाहेर येईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. मामा गेले नाहीत.

“डाक्तरानं बी तेच सांगटलं तर?” ते मला म्हणाले. “यंतराला काय माझं वाकडं करायचंय, बाबू? त्यानं जे हाय ते सांगटलं. माझ्या नजरंनं उद्या गाडी पडली असती तर? बरं झालं, तुमी येळेवर आलाव.”

राजीनाम्यावर त्यांनी अंगठा उठवला. बोटाला आधीच काजळी होती. शाई लावावी लागली नाही असं कुणीतरी म्हणालं, त्यावरही लोक हसले. जाताना त्यांनी सासू फडक्यासकट माझ्या टेबलावर ठेवली. “ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. खोटी असली तरी लय दिवस संगं व्हती.” मग कंदील उचलायची सवय असल्यामुळं दारात हात खाली गेला, रिकामाच वर आला, आणि ते निघून गेले. मी मूग गिळून बसलो होतो.

यंत्रानं पास केलेल्या काचा लाइनीवर लागल्या. फार दिवस गेले नाहीत. एका संध्याकाळी दिवेलागणीला बाहेरच्या सिग्नलपाशी मालगाडी उभी राहिली आणि शिट्टीवर शिट्टी द्यायला लागली. सिग्नलचा हात खाली पडलेला, म्हणजे रस्ता मोकळा, आणि गाडी हलायला तयार नाही. मला पाठवलं. शिडीखाली ड्रायव्हर हात कमरेवर ठेवून उभा होता, वर बोट दाखवत.

“ये हरा है क्या, बाबू? ये तो हल्दी का पानी है!”

मी मान वर केली. मागं रॉकेलचा दिवा नीट जळत होता, माझी शास्त्रशुद्ध काच पुढं होती, आणि आकाशात एक आजारी, पिवळट ठिपका लटकत होता. तो हिरवाही नव्हता आणि पांढराही. ड्रायव्हर शहाणा, म्हणून थांबला. शंका आली की थांबायचं, हे त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं. मला तेवढं शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं असं म्हणवत नाही. भेटलं होतं आणि त्याला मी हसलो होतो.

तशाच तक्रारी दुसऱ्या स्टेशनांवरून आल्या. मग साहेबांना मी टीप दाखवली. आता दाखवायला काही हरकत नव्हती, आता चूक सगळ्यांच्याच अंगाशी आली होती. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, परत लावला. म्हणाले, बोभाटा करू नकोस. यंत्रानं नापास केलेल्या काचा दोन आठवड्यांत गुपचूप परत चढल्या. फायलीत त्याला ‘किरकोळ फेरबदल’ म्हटलं गेलं. यंत्र कौतुकाच्या पत्रासह वर पाठवलं गेलं, मी कायम झालो, आणि मामांना परत बोलवावं असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही. निघणार कसं? बोलवायचं तर का घालवलं ते सांगावं लागलं असतं. मीही नाव काढलं नाही. काचा मात्र मामांनीच निवडलेल्या, रोज संध्याकाळी गाड्या त्यांच्याच हिरव्यावर सुटत होत्या. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून ते पाहायचो आणि मला स्वतःची किळस यायची.

वर्ष होत आलं तेव्हा राहवेना. एका रविवारी सासू फडक्यात गुंडाळून घेतली, गाडीनं सेलूला उतरलो आणि वालूरच्या रस्त्याला लागलो. गावाच्या अलीकडं धनगरांची वस्ती होती. मेंढरांची लोकर नुकतीच कातरून झालेली. अंगणात पोत्यावर लोकरीचा ढीग पडला होता आणि मामांची सून ती रंगाप्रमाणं वेगळी करत बसली होती. काळी एकीकडं, करडी एकीकडं, तांबूस एकीकडं. मामा शेजारी बसून होते. त्यांनी एक मूठ उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि सुनेपुढं धरली.

“ही काळी का करडी गं?”

“आता काय म्हनावं मामंजी तुमाला!” ती हसली. “काळीकुट्ट हाय की. तुमालाच तर सगळ्यात चांगलं दिसतंय.”

“तसं न्हाई. इचारून घेतलेलं बरं,” मामा म्हणाले आणि मूठ तिच्या हातात दिली.

मामांची नोकरी गेली, एवढंच मी धरून चाललो होतो. त्या माणसाला आपल्या डोळ्यांचाच भरवसा उरला नव्हता. काजळकोपऱ्यात चार श्वासांत हिरव्यातला हिरवा ओळखणारा माणूस आता काळी लोकर काळी म्हणायला दुसऱ्याची साक्ष काढत होता. माझ्या यंत्रानं काचा चुकीच्या मोजल्या त्या परत चढवता आल्या. हे कसं परत चढवायचं?

त्यांनी मला ओळखलं, उठले, घोंगडं पसरलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. टीप सांगितली, बल्ब सांगितला, सासू मध्यावर आली ते सांगितलं, सगळ्या काचा परत चढवल्या ते सांगितलं. “मामा, तुमची नजर बरोबर होती. पहिल्यापासून बरोबर होती. तुम्ही दिवा विचारलात तेव्हाच बरोबर विचारलंत.” सासू त्यांच्या हातात दिली.

त्यांनी फडकं सोडलं. काच उन्हाकडं धरली नाही. मांडीवर ठेवून तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

“तुमाला कधी कळलं, बाबू?”

मी तयारी करून गेलो होतो, पण या प्रश्नाची केली नव्हती. “रिपोर्ट जायच्या आधी,” मी म्हणालो. निदान तेवढं खरं बोललो.

ते रागावतील, शिव्या देतील, सून धावून येईल, असं मला वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे तसं व्हावं अशी इच्छा होती. शिव्या खाऊन मी हलका होऊन परतलो असतो. मामांनी सासू परत फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, “एक काम करा. हे कागदावर लिवून द्या. दोन वळी. की मामाची नजर चांगली व्हती. दफ्तरात न्हाई दावनार, तुमच्या नोकरीला धक्का लागंल असं कायबी करनार न्हाई. घरात ठिवतो. ही सगळी मानसं मनात म्हनत्यात की म्हाताऱ्याला आंधळा म्हनून हाकललं. पोरायला शाळंत घातलंय, त्यायच्याकडून वाचून घेतो.”

दोन ओळी. माझं अक्षर वळणदार होतं. पण सहीचा कागद म्हणजे सहीचा कागद. आज घरात राहील, उद्या कुणाच्या हाती लागेल, परवा साहेबांच्या टेबलावर असेल. एवढा हिशेब मी त्या अंगणात, त्या माणसासमोर, चहाची कपबशी हातात धरून केला.

“आत्ता कागद-पेन नाही जवळ, मामा,” मी म्हणालो. “पुढच्या रविवारी येतो. चांगलं शिक्का मारून आणतो.”

पुढचा रविवार आला आणि गेला. मी गेलो नाही. त्यानंतरचेही गेले. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला आशा नको.

मामांनी मान हलवली. “बरं. सवडीनं या.” मग काजळीचं ते बोट उचलून माझ्या शर्टाच्या वरच्या खिशाकडं दाखवलं.

“बाबू, त्या पेनाचं टोपन हिरवं हाय का निळं?”

मी खाली पाहिलं. सोनेरी क्लिप उन्हात चमकत होती.

“हिरवं,” मी म्हणालो.

“मलाबी हिरवंच दिसायलंय,” मामा म्हणाले. मग त्यांनी लोकरीचा ढीग पुढ्यात ओढला आणि सुनेला न विचारता काळी लोकर वेगळी काढायला लागले.